मोटारींतील थंड हवेचें यंत्र : विजेचा दोष कसा हुडकावा

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां मोटार उभी असते, व तींत थंड हवेचें यंत्र, ज्यास सर्वजण एसी म्हणतात तें, बहुधा असतेंच. ऐन वैशाखांत तें बंद पडलें कीं मालक गॅरेज गाठतो, आणि तेथें दोहोंपैकीं एक उत्तर त्यास ठरलेलें असतें : "गॅस संपला" अथवा "कॉम्प्रेसर गेला." दुसऱ्या उत्तरापायीं कांद्याच्या पट्टीचे पैसे एका दमांत जातात. वस्तुतः बिघाड पुष्कळ वेळां विजेच्या मार्गांत असतो, व तो अल्प खर्चांत दूर होतो.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यानें सदैव फिरते. परंतु कॉम्प्रेसर स्वतः फिरतो तो पुलीच्या तोंडाशीं असलेल्या विद्युच्चुंबकानें, म्हणजे क्लचनें, पुढील चकती ओढून धरली तरच. बॅटरींतील वीज फ्यूजमधून रिलेकडे व रिलेमधून क्लचकडे जाते. बटण दाबलें आहे, पंखा चालू आहे, गॅसचा दाब योग्य आहे, आंतील शीतजाळीवर बर्फ धरलें नाहीं, इंजिन फाजील तापलें नाहीं, इतक्या सर्वांची संमति असेल तरच रिले वीज पुढें सोडतो. यांपैकीं एकानें जरी नकार दिला तरी धडधाकट कॉम्प्रेसर स्वस्थ बसतो, आणि दोष त्याच्या माथीं येतो.

आमची हयात महसूल खात्यांत गेली. सात-बाराच्या उताऱ्यांत चूक दिसली कीं मागील फेरफार एकेक करून उलटे पाहात जावें लागतात; येथेंही तसेंच मागें मागें जावयाचें.

इंजिन चालू करून एसी लावावा व बॉनेट उघडून पाहावें. उपरणें, पदर, सैल बाही पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर असावी. तो पंखा आपण होऊन केव्हांही फिरूं लागतो. 'टक्' असा आवाज होऊन पुलीची पुढील चकती फिरूं लागली तर वीज पोंचते आहे. चकती स्थिर राहिली तर मल्टिमीटर घ्यावा. चालू गाडींत बॅटरीवर सुमारें 14 व्होल्ट दिसतात. क्लचच्या जोडावरही जवळजवळ तितकेच दिसावयास पाहिजेत. तेथें कांहींच दिसत नसेल तर फ्यूज व रिले तपासावे. रिलेवर छापलेला क्रमांक हॉर्नच्या रिलेशीं तंतोतंत जुळत असेल तर दोहोंची अदलाबदल करून पाहतां येते. हा फुकटचा उपाय होय. फ्यूज पुनःपुन्हां उडत असेल तर त्या जागीं मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कदापि घालूं नये. गाडी पेट घेते.

व्होल्ट मोजतांना मात्र जोड लावलेलाच असावा, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. आमच्या शेजारगांवच्या एका बागाईतदाराच्या आईस आठवड्यांतून दोन वेळां डायालिसिसकरितां तालुक्यास न्यावें लागे. भर उन्हांत एसी बंद पडला, आणि एका गॅरेजनें नवा कॉम्प्रेसर सांगितला. पैसे उसने काढण्याची त्याची तयारी चालली होती; आम्हीं त्यास एक दिवस थांबविलें. जोड सुटा करून मोजलें तेव्हां 14 व्होल्ट भरले; जोड लावतांच 8 वर आले. गाडी कडब्याच्या गंजीशेजारीं उभी असे. उंदरांनीं तार कुरतडली होती व उरलेल्या चार-दोन तंतूंवर हिरवा गंज चढला होता. एवढ्या तंतूंतून मीटरचें काम भागतें, क्लचचें भागत नाहीं. गांवांतल्याच वायरमननें तो तुकडा बदलला आणि चकती फिरूं लागली.

जोडावर पूर्ण व्होल्ट असून चकती हलत नसेल तर प्रथम क्लचचा अर्थिंग पाहावा. मग इंजिन बंद करून, जोड सोडवून, वेटोळ्याचा रोध मोजावा. तो साधारण 3 ते 5 ओहम असतो. मीटर कांहींच दाखवीत नसेल तर वेटोळें तुटलें आहे, व पुष्कळ गाड्यांत तें निराळें मिळतें. एसी तासभर चालून बंद पडत असेल व गाडी निवल्यावर पुन्हां लागत असेल, तर चकती झिजून अंतर वाढल्याचा संशय घ्यावा. तापलेल्या वेटोळ्यास तेवढ्या लांबून ओढवत नाहीं.

पंखा केवळ शेवटच्या वेगावरच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. रस्त्यानें धांवतांना गार व उभें राहिल्यावर गरम, असें असेल तर पुढील कंडेन्सरचा पंखा पाहावा.

गॅसचा दाब कमी झाला तर दाबाचा स्विच मुद्दामच वीज तोडतो. कांहीं हुशार कारागीर तेथें तार जोडून एसी चालू करून देतात. हें अत्यंत वाईट! कॉम्प्रेसरचें तेल गॅसबरोबरच फिरतें. गॅस नसतां तो कोरडा फिरून जाम होतो. शिवाय गॅस हा पेट्रोलासारखा खर्च होणारा पदार्थ नव्हे. तो कमी झाला म्हणजे कोठें तरी गळती आहे, आणि ती काढल्याशिवाय नवा भरणें व्यर्थ होय.

कित्येक नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. तेथें 'टक्' ऐकूं येणार नाहीं, व तपासणी संगणकयंत्र असलेल्या जाणत्या माणसाकडूनच करवावी. बॅटरीवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर बहुधा शेंकडों व्होल्टांवर चालतो. त्याच्या तारांचें आवरण नारिंगी रंगाचें असतें. त्या तारांस घरच्या घरीं हात लावूं नये.