टाकीचा काटा खोटं बोलतो तेव्हा

गेल्या भागात आपण गाडीच्या बॅटरीची निगा बघितली. आज बोलायचं आहे जुन्या गाडीतल्या तेलाच्या काट्याबद्दल. डॅशबोर्डवर जे छोटं मीटर असतं, एका टोकाला रिकामी आणि दुसऱ्या टोकाला भरलेली टाकी दाखवणारं, त्याला गॅरेजात फ्यूल गेज म्हणतात. आपण त्याला काटाच म्हणू.

आता कुणी म्हणेल, काट्याचं एवढं काय? गाडी चालते ना, मग झालं. पण विचार करा. आपल्या गटांकडे गाड्या असतात त्या बहुतेक जुन्याच. कुणाकडे सासऱ्यांची ॲम्बेसेडर, कुणाकडे जुनी फियाट म्हणजे पद्मिनी, कुणाकडे पापड-मसाल्याचा माल आठवडी बाजाराला नेणारी जीप. रात्री-अपरात्री वस्तीवरच्या एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर हीच गाडी निघते. अशा वेळी काटा अर्धी टाकी दाखवत असेल आणि टाकी कोरडी असेल, तर गाडी घाटात उभी राहते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. काल टाकी भरली होती, आज काटा खाली आला, म्हणून गटाच्या बैठकीत ड्रायव्हरवर संशय येतो. पेट्रोल काढून विकलं म्हणतात. माणूस वर्षभर इमानानं राबलेला असतो आणि टाकीतला एक फ्लोट त्याची अब्रू घालवतो. म्हणून माणसाला बोल लावण्याआधी काटा तपासावा.

हे मीटर चालतं कसं ते आधी समजून घेऊ. त्याचे तीन भाग. पहिला भाग टाकीत. घरावरच्या पाण्याच्या टाकीत गोळ्याचा नळ असतो, पाणी वर आलं की गोळा वर येतो, तसाच टाकीत एका दांडीला फ्लोट लावलेला असतो. पेट्रोल वाढलं की तो वर, कमी झालं की खाली. दांडीचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत सरकतं. छताच्या पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा. बटण फिरवलं की वीज कमी-जास्त जाते. इथे ते बटण फिरवायचं काम फ्लोट करतो. या सगळ्या भागाला मिस्त्री लोक टँक युनिट म्हणतात. दुसरा भाग म्हणजे टाकीपासून डॅशबोर्डपर्यंतची वायर. तिसरा भाग डॅशबोर्डवरचं मीटर. किती वीज येते त्यावरून ते काटा हलवतं.

आणखी एक भाग आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे अर्थ. विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. गाडीत ती परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. टाकी पत्र्याला नीट टेकलेली नसेल, मध्ये गंज किंवा रंग आला असेल, तर वाट अडते आणि काटा चुकतो. जुन्या गाडीत हा दोष फार आढळतो, आणि दुरुस्तीला सगळ्यांत स्वस्तही हाच.

मीटरही दोन जातींची असतात. एका जातीत चावी फिरवली की काटा झटकन जागेवर जातो आणि खड्ड्यात गाडी हलली की तोही हलतो. दुसऱ्या जातीत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती विजेनं तापते, वाकते आणि काटा हळूहळू वर सरकवते. ॲम्बेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेली गाडी. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत तयार होत होती. पद्मिनी ही इटलीच्या फियाट ११०० वरून आलेली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. इतक्या वर्षांत या गाड्यांचे भाग कितीदा बदललेले असतात. म्हणून तुमच्या गाडीत मीटर कुठल्या जातीचं आहे हे पुस्तकापेक्षा चावी फिरवून बघितलेलं बरं.

आता तपासणी. पण त्याआधी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, दिसत नाही आणि एका ठिणगीनं पेटते. म्हणून गाडी उघड्यावर घ्या. चूल, विडी, स्टोव्ह, देव्हाऱ्यातला दिवा, काहीच जवळ नको. पोरांना लांब ठेवा. टाकीच्या झाकणाजवळ वायरींची टोकं एकमेकांना लावून ठिणगी बघायची नाही. कितीतरी जण तसं करतात. आपण करायचं नाही.

पहिली पायरी, हाताला काळं न लावता करायची. सपाट जागी गाडी उभी करा. उतारावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि चांगला काटाही चुकतो. चावी फिरवा आणि बाकीची मीटरं बघा. पेट्रोल आणि पाण्याची उष्णता दाखवणारे दोन्ही काटे मेल्यासारखे पडलेत? मग आधी फ्यूज बघा. दोन्ही काटे नेहमीपेक्षा वर जातात? मग टाकीला हात लावू नका. हळू चालणाऱ्या मीटरांच्या मागे बऱ्याच गाड्यांत एक छोटी डबी असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. बॅटरीची वीज कमी-जास्त झाली तरी मीटरांना ती सरासरी १० व्होल्टच देते. ती डबी बिघडली किंवा तिचा अर्थ सुटला की तिच्यावरची सगळी मीटरं एकदम चुकतात. फक्त पेट्रोलचाच काटा चुकत असेल, तर पुढे चला.

दुसरी पायरी. चावी बंद. टँक युनिट शोधा. काही गाड्यांत ते डिकीत टाकीच्या वर असतं, जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीवर. त्याला एक वायर असते, कधी दोन. दोन असतील तर एक बहुधा अर्थची किंवा पेट्रोल संपत आल्याचा दिवा लावणारी. इंग्रजी बनावटीत मीटरची वायर साधारणपणे हिरवी, तिच्यावर काळी रेघ. पण गाडीचं वायरिंग कुणी बदललेलं असलं तर रंगावर भरवसा ठेवू नका. मीटरची वायर काढा, तिचं टोक कुठे लागणार नाही असं बांधा, मग चावी फिरवून मिनिटभर काटा बघा. चावी बंद करा. आता त्या वायरीला एक लांब वायर जोडा आणि तिचं दुसरं टोक टाकीपासून लांब, गाडीच्या स्वच्छ खरवडलेल्या पत्र्याला घट्ट बसवा. आधी जोडायचं, मग चावी फिरवायची. मग ठिणगी पडली तरी टाकीजवळ पडत नाही. काटा टोकाकडे निघाला की लगेच चावी बंद. हळू चालणारं मीटर असं जास्त वेळ ठेवलं तर आतून जळतं.

आता काय दिसलं ते नीट ऐका. वायर सोडली तेव्हा काटा एका टोकाला आणि पत्र्याला जोडली तेव्हा दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. दोष टाकीकडे. कुठल्या गाडीत सोडल्यावर रिकामी दाखवतं, कुठल्या गाडीत भरलेली. त्यानं गोंधळू नका. दोन वेळा दोन टोकं दिसली पाहिजेत, एवढंच बघायचं. काटा जागचा हललाच नाही, तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. तेव्हा टाकीपासून मीटरपर्यंत सीटवरून तात्पुरती एक नवी वायर टाकून बघा. काटा चालला तर जुनी वायर तुटलेली. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत हे काम बहुतेक वेळा उंदराचं असतं.

तिसरी पायरी, टाकीकडे दोष निघाला तर. लगेच टँक युनिट बाहेर काढायची घाई नको. आधी अर्थ बघा. मूळ वायर परत लावा. चावी बंद ठेवून एक जादा वायर टँक युनिटच्या धातूच्या भागापासून गाडीच्या स्वच्छ पत्र्यापर्यंत घट्ट जोडा. मग चावी फिरवा. काटा बरोबर आला? मग तुमचा खर्च वाचला. टाकीचे आणि अर्थच्या वायरीचे स्क्रू काढून खालचा गंज काचपेपरनं घासा आणि परत आवळा, झालं.

तरीही काटा चुकतोय, तर टँक युनिट बाहेर काढावं लागेल. हे काम मिस्त्रीकडून करून घ्या, पण समोर उभ्या राहा. टाकीत पेट्रोल कमी असावं. बॅटरीची पत्र्याला जोडलेली वायर सगळ्यांत आधी काढलेली असावी. युनिट बाहेर आलं की तीन गोष्टी बघायच्या. पहिली, फ्लोट. विहिरीत पोहायला शिकताना कमरेला कोरडा भोपळा बांधतात. त्याला भोक पडलं तर तोच आपल्याला घेऊन बुडेल. पितळी फ्लोटचं तसंच. कानाशी धरून हलवा. आत डुचमळलं तर पेट्रोल शिरलंय, तो बुडतोय, म्हणून टाकी भरली तरी काटा खालीच. असा फ्लोट डाग देऊन जोडायचा नाही. आतल्या पेट्रोलला आग लागते. नवा घ्यायचा. दुसरी, दांडी. ती वाकलेली असेल तर काटा रोज सारख्याच मापानं चुकतो. तिसरी, तारेची गुंडाळी. ती एका जागी झिजली असेल तर काटा तेवढ्याच जागी पडतो आणि पुढे परत नीट चालतो. अशी गुंडाळी दुरुस्त करण्यापेक्षा युनिट बदलावं. पण नवं युनिट आपल्या मीटरच्या जोडीचंच हवं. दुसऱ्या गाडीचं बसवलं तर भरलेली टाकी रिकामी दिसायची. मिस्त्रीनं युनिट टाकीत टाकण्याआधी वायर जोडून, टाकीपासून लांब, दांडी वर-खाली करून काटा दाखवावा. असं सांगायला लाजू नका.

युनिटखालचं जुनं रबरी पॅकिंगही बदला. आपल्या उसापासून आणि मक्यापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, चिरतं आणि टाकी पाझरते. इथेनॉल सहन करणारं पॅकिंग मागून घ्या. आणि टाकीला भोक दिसलं तर रिकामी टाकी वेल्डिंगला नेऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते. ती भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

दुरुस्ती झाली की काट्याची परीक्षा घ्या. टाकी तळाला आली असताना पंपावर जा आणि ५-५ लिटर भरा. दर वेळी थोडं थांबून काटा कुठे आला ते पुठ्ठ्यावर लिहा. तो पुठ्ठा गाडीतच ठेवा. काटा थोडा चुकत राहिला तरी कुठल्या खुणेला किती लिटर हे मग पुठ्ठा सांगतो.

आणि काट्यावर कधीच पूर्ण विसंबू नका. गटाच्या गाडीला वही ठेवा. टाकी गच्च भरा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी परत गच्च भरा आणि किती लिटर बसलं ते लिहा. समजा ३२० किलोमीटर झाले आणि ३२ लिटर बसलं, तर लिटरला १० किलोमीटर. पाच-सहा वेळा लिहिलं की आपल्या गाडीची चाल कळते. टाकी ४० लिटरची असेल तर ३०० किलोमीटरला पंप गाठायचा, काटा काहीही म्हणो. आणि एके दिवशी ही सरासरी एकदम ७ वर आली, तर आधी गाडीखाली वाकून बघा, कुठे गळतंय का. मग इंजिन दाखवा. ड्रायव्हरशी बोलायचं ते त्यानंतर, वही समोर ठेवून.

मैत्रिणींनो, गाडीचं काम म्हणजे पुरुषांचं, असं आपण उगाच धरून चालतो. मिक्सर बंद पडला तर आधी प्लग बघतो, मग वायर, मग मोटर. इथेही तसंच. या आठवड्याच्या बैठकीत गाडी सपाट जागी लावा, चावी फिरवा आणि पहिली पायरी सगळ्यांनी मिळून करा. काय दिसलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या भागात टायरच्या हवेबद्दल बोलू. नमस्कार.