मॉरिशसचा निळा पक्ष

पार्ती मॉरिसियां सोस्याल देमोक्रात, म्हणजेच पीएमएसडी, हा मॉरिशसमधला उजवीकडे झुकलेला मध्यममार्गी पक्ष. निळा रंग ही त्याची ओळख. ज्यूल कोनिग या वकिलाने १९५५ मध्ये तो वेगळ्या नावाने उभा केला.

देश लहानच. एकट्या सोलापूर जिल्ह्यात क्षेत्रफळाने असे सात मॉरिशस मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. ऊस मात्र दोन्हीकडे. फरक मालकीचा. सोलापुरात ऊस घालणारा शेतकरी बरेचदा कारखान्याचा सभासद असतो, तर मॉरिशसमध्ये मोठे मळे मूठभर फ्रेंचवंशीय घराण्यांकडे होते. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, त्याच सुमारास भारतातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले. त्यात भोजपुरी, तमिळ, तेलुगू होते आणि मुंबई बंदरातून गेलेले, बरेचसे कोकणातले मराठी लोकही. गणेश चतुर्थीला तिथे आज सार्वजनिक सुट्टी असते.

मजुरांच्या मागे १९३६ पासून मजूर पक्ष होता. पीएमएसडीला मळेवाल्यांचे पाठबळ मिळाले आणि गुलामांच्या वंशातल्या गरीब क्रिओल वस्त्यांचेही. मोट विचित्र खरी, पण ती बांधली भीतीने. सत्तेवरचे इंग्रज गेले की हिंदू बहुसंख्येचे राज्य येईल, असे दोघांनाही वाटत होते. भारतात उजवा पक्ष म्हटला की बहुसंख्याकांचा अभिमान आठवतो. इथे उजवेपण अल्पसंख्याकांच्या धास्तीतून वाढले.

ही धास्ती आवाजात उतरवली गाएतां दुवाल यांनी. क्रिओल जनतेने त्यांना 'किंग क्रिओल' केले. पूर्ण स्वातंत्र्य नको, ब्रिटनशी जोडलेले राहू, साखरेला तिथे हमखास गिऱ्हाईक आहे, असा त्यांचा हिशेब. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत हाच प्रश्न होता. स्वातंत्र्यवादी आघाडीला ३९ आणि पीएमएसडीला २३ जागा मिळाल्या. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९६९ मध्ये दुवाल त्याच सरकारात परराष्ट्रमंत्री होऊन बसले! छोट्या बेटावर कायमचे वैर परवडत नाही.

तिथली मतदानपद्धतच तडजोडीला भाग पाडते. बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकात तीन आमदार. मतदाराला एका कागदावर तीन फुल्या माराव्या लागतात. रॉड्रिग्ज बेटाचे दोन धरून ६२ जण निवडून येतात. त्यावर आठपर्यंत जागा 'बेस्ट लूझर' म्हणून हरलेल्यांना, ज्या समाजाला कमी वाटा मिळाला त्याचा तोल सावरण्यासाठी. राज्यघटनेने समाज चारच मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सर्व. मराठी माणूस सणासुदीला मराठी. या गणितात मात्र 'हिंदू' रकान्यात.

१९७० मध्ये निर्यातीसाठी सवलतीचे कारखाने सुरू झाले, कपडे शिवले जाऊ लागले, पुढे पर्यटन वाढले. एकट्या साखरेवरचे अवलंबित्व सुटले तशी पक्षाची जुनी जमीनही आक्रसली. तो मोठ्या आघाड्यांतला धाकटा भागीदार झाला. गाएतां यांचे १९९६ मध्ये निधन झाले. नंतर धुरा मुलाकडे, झाव्हिए-ल्यूक दुवाल यांच्याकडे आली. ते अर्थमंत्री झाले, उपपंतप्रधानही. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख आणू पाहणाऱ्या विधेयकाला विरोध करून पक्ष सरकारातून बाहेर पडला. घटनादुरुस्तीला लागणारे तीन चतुर्थांश बळ त्यामुळे उरले नाही आणि विधेयक बारगळले. धाकट्या भागीदाराचे वजन तेव्हा दिसले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत मात्र विरोधी आघाडीने बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या आणि पीएमएसडी हरलेल्या बाजूला होता.