चालत आलात ना, मग अपंग कसे?

दर रविवारी कल्याण पूर्वेच्या आमच्या विहारात वंदना आटोपली की आम्ही कोपऱ्यात टेबल मांडून बसतो. कचेरीतली कारकुनी अंगवळणी पडलेली, म्हणून वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम आमच्याकडे आपसूक आले. रेशनकार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. या सर्वांत जड जातो तो आजारी माणसाचा अर्ज.

मागच्या पावसाळ्यात कोळसेवाडीच्या एक ताई वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मूळ गाव भंडाऱ्याकडचे. मुलाला सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी, दलित आणि काही ओबीसी जातींत हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सांधे ठणकू लागले की पोरगा चार-चार दिवस अंथरुणात तळमळतो, कधी रक्त चढवावे लागते. मग पुन्हा उठतो, हसतो. महिन्यातून आठ दिवस खाडे कोणता मालक चालवून घेईल? तीन नोकऱ्या गेल्या.

प्रमाणपत्राच्या तपासणीला आम्ही सोबत गेलो. त्या दिवशी तो नेमका बरा होता. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "जिना चढून आला ना? मग अपंग कसा?" ताई गप्प झाल्या. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. जणू त्या दिवशी बरे असणे हाच त्याचा गुन्हा!

वाचकहो, 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, तेव्हा ते 21 झाले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. पार्किन्सन आहे. म्हणजे न दिसणारे अपंगत्व कायद्याने मान्य केले, खिडकीने अजून केलेले नाही. आम्ही पुढच्या खेपेला दवाखान्यातून घरी सोडल्याचे सगळे कागद तारीखवार लावून नेले. पाच खेपांनंतर 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र हाती आले.

मग तहसील कचेरी. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये मिळतात. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000च्या आत हवे. ताईंचे यजमान सिक्युरिटीत, पगार महिना बारा हजार. वर्षाचे 1,44,000. अर्ज नामंजूर. ज्यांना क्षय, कर्करोग, एड्स यांसारख्या आजाराने कमावता येत नाही, त्यांच्यासाठीही ही योजना आहे. पण त्यांना मर्यादा 21,000ची, म्हणजे महिना 1,750. एवढ्यात डोंबिवलीत खोलीचे भाडे तरी सुटते का? आणि मूत्रपिंड निकामी होऊन आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचे तर त्या 21 प्रकारांत नावच नाही.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या संविधानात कलम 41 आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी राज्याने आपल्या ऐपतीनुसार नागरिकाला साहाय्य करावे, असे ते सांगते. आजारपण आणि विकलांगता एकाच ओळीत आहेत. कचेऱ्यांनी मात्र त्यांच्यामध्ये भिंत घातली.

म्हणून आमचे दोन शब्द. घरात जुनाट आजार असेल तर दवाखान्याचा एकही कागद रद्दीत टाकू नका; रक्त चढवल्याची नोंद, सुट्टीचे कार्ड, सगळे एका फाईलीत ठेवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकार मिळाला तर तो लेखी मागा. आणि उत्पन्नाची ही मर्यादा वाढवावी, यासाठी प्रत्येक विहारातून सह्यांचे निवेदन जाऊ द्या.

ताईंच्या मुलाचा अर्ज आता महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीकडे गेला आहे. निकाल यायचा आहे. मधल्या काळात तो पोरगाच दर रविवारी आमच्या शेजारी बसून इतरांचे अर्ज भरतो. अक्षर सुरेख आहे त्याचे. ज्या रविवारी त्याची खुर्ची रिकामी दिसते, त्या रविवारी काय झाले असेल ते आम्हाला विचारावे लागत नाही.