पन्नाशीनंतरचीं धुळाक्षरें

विद्येला वय नसतें, असें आपण मुलांना नित्य सांगतों. परंतु पन्नाशी उलटल्यावर स्वतः पाटी घेऊन बसण्याची पाळी आली म्हणजे या वचनाची खरी कसोटी लागते. गेल्या पावसाळ्यांत ती पाळी आमच्यावर आली, आणि आमचा गुरु होता आमचाच सोळा वर्षांचा पुतण्या!

निमित्त असें घडलें. आमचे वडील मोखाड्यास शाळामास्तर होते. पूर्वीं ठाणें व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडणाऱ्या या जव्हार-मोखाड्याच्या मुलुखांत बोहाडा होतो. मशालींच्या उजेडांत, संबळाच्या तालावर, देवांचे व राक्षसांचे मुखवटे चढवून एकामागून एक सोंगें रात्रभर नाचत येतात. अमुक सोंग अमुक घराण्याचें, असा मान पिढ्यान्पिढ्या चालत आलेला. कोणतें सोंग कोणाच्या मागून येतें, याची वडिलांनीं एक वही लिहून ठेविली होती. वीस वर्षांपूर्वीं आम्हीं ती संगणकावर उतरवून घेतली आणि निश्चिंत झालों. मूळ वही पुढें वाळवीनें खाल्ली. परवां तो जुना मजकूर उघडून पाहिला, तों पडद्यावर एकही मराठी अक्षर नाहीं. नुसत्या रोमन अक्षरांचें कडबोळें! वडिलांचा शब्द कायमचा बुडाला, असेंच त्या क्षणीं वाटलें.

कारण पुतण्यानें सांगितलें. छापखान्यांत रोमन अक्षरांच्या खणांत मराठी खिळे भरून ठेवावे, तशी त्या काळच्या मराठी टंकांची युक्ति होती. तो टंक नसला कीं खालचें रोमन उघडें पडे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणून आतां तसें होत नाहीं. त्यानें जुना टंक कोठून तरी मिळविला. तरीहि पुष्कळ जोडाक्षरें तुटलेलीं निघालीं. तेथें चौऱ्यायशी वर्षांच्या आमच्या मातोश्री उपयोगीं पडल्या. आम्ही वाचावें, त्यांनीं अडलेला शब्द आठवून सांगावा, आणि आम्हीं तो नव्यानें टंकावा.

पुन्हां असा प्रसंग नको, म्हणून स्वतःचें संकेतस्थळ करावयाचें ठरलें. ‘काका, मी तासाभरांत करून देतों,’ असें पुतण्या म्हणाला. पण दुसऱ्याच्या हातचें आम्हांला सांभाळतां आलें नसतें. म्हणून शिकलों. विद्या वाटते तितकी गहन नाहीं. साध्या मजकुराच्या पानावर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभीं व शेवटीं कोनाकृति कंसांत एक खूण लिहावयाची, एवढाच तिचा ओनामा. एकदां मथळ्याची खूण मिटविण्यास विसरलों, तर सबंध पान ठळक अक्षरांत ओरडूं लागलें! दुसऱ्यांदा ‘यूटीएफ-८’ ही लिपीची सूचना द्यावयाची राहिली, आणि पुन्हां तेंच कडबोळें. त्यांत पावसानें वीज जाई, आणि न जतन केलेलें काम तिच्याबरोबर जाई. पुतण्या हंसे, आम्ही मुकाट्यानें पुन्हां लिहूं.

या जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेंत मांडली, आणि १९९३ सालीं त्या संस्थेनें ती विद्या जगाला विनामूल्य मोकळी केली. म्हणूनच मोखाड्याच्या ओटीवर बसून पान लिहिणाऱ्यास कोणाला शुल्क द्यावें लागत नाहीं. खर्च येतो तो पत्त्याचा व जागेचा. २०१४ पासून तर ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताहि मिळूं शकतो.

वही आमच्या वडिलांची, पण सोंगें त्यांचीं नव्हेत. म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वीं त्या त्या घरीं जाऊन विचारलें. बहुतेकांनीं आनंदानें होकार दिला. एका आजोबांनीं आपल्या सोंगाची एक गोष्ट लिहूं नका म्हटलें, ती गाळली.

पान तयार झाल्यावर मातोश्रींना वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, ‘दोन सोंगें उलटसुलट झालीं आहेत रे.’ छापील पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावें लागलें असतें; येथें क्षणांत ओळी बदलल्या. त्या बदलतांना पुतण्याला हांक मारावी लागली नाहीं, याचा आनंद मात्र आम्हीं मनांतच ठेविला.

वाचकहो, आपल्याहि घरीं फडताळांत अशी एखादी वही असेल, आणि ती वाचून दाखविणारें माणूस आज घरांत असेल. येत्या सुटींत घरांतील मुलाला गुरु करा. वाळवी आपल्यासाठीं थांबत नाहीं.