संगणकाच्या पोटात – भाग ७ : पहिले ५१२ बाइट

वीज गेली की रॅम कोरी होते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. मग सकाळी बटण दाबल्यावर प्रोसेसरच्या हाती असतं तरी काय? विंडोज म्हणा, लिनक्स म्हणा, ती असते डिस्कवर. डिस्क वाचायची तर वाचणारा प्रोग्राम आधी चालू हवा, आणि तो प्रोग्रामही डिस्कवरच. हा पेच प्रत्येक संगणकाला सोडवावा लागतो, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. यंत्र नेमकं कोणाच्या मुठीत आहे हे ओळखायचं असेल तर त्याचे हे पहिले काही सेकंद बघावेत, असं माझं मत आहे.

१९७५ सालच्या ऑल्टेअर ८८०० ने हा पेच सरळ माणसाच्या गळ्यात मारला होता. कीबोर्ड नाही, पडदा नाही. दर्शनी बाजूला नुसती खटक्यांची रांग. खटके वर-खाली करून एकेक बाइट मेमरीत भरायचा. असे पुरेसे बाइट भरले की मग कुठे यंत्राला छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून पुढचा प्रोग्राम वाचता यायचा. ऑल्टेअरसाठी लिहिलेल्या बेसिक भाषेचं प्रात्यक्षिक दाखवायला मायक्रोसॉफ्टचा एक संस्थापक पॉल ॲलन ऑल्टेअरच्या कंपनीकडे अल्बुकर्कला निघाला, आणि विमान खाली यायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा चढवणारा प्रोग्राम लिहायचाच राहिलाय. त्याने तो बसल्या जागी, विमानात लिहून काढला.

१९८१ च्या आयबीएम पीसीने ही हमाली रॉमवर, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीवर टाकली. त्यातला ८०८८ प्रोसेसर जागा झाला की डोळे मिटून एकाच पत्त्यावर जातो. हा पत्ता एक मेगाबाइटची हद्द संपायला सोळा बाइट उरलेले असताना येतो. सोळा बाइटांत काम ते काय होणार? तिथे ‘अमुक ठिकाणी उडी मार’ एवढीच आज्ञा असते. उडी पडते रॉममधल्याच बायॉस नावाच्या प्रोग्राममध्ये. बायॉस मेमरी तपासतो, कीबोर्ड जागेवर आहे का पाहतो, सगळं ठाकठीक असेल तर एक ‘बीप’ देतो. मग फ्लॉपीचा किंवा हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून मेमरीत ७सी०० या पत्त्यावर ठेवतो आणि सगळा कारभार त्यांच्या हवाली करून मोकळा होतो. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत ना, एवढं बघितलं जाई. बाकी चौकशी शून्य. दारात आलेल्याला नावही न विचारता घराची किल्ली द्यावी, तसला प्रकार.

हार्ड डिस्कवर तर हे ५१२ बाइटसुद्धा पूर्ण मिळत नाहीत. ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या (पार्टिशनच्या) नोंदींना आणि दोन त्या खुणेला. एका वाटणीची नोंद १६ बाइटांची, म्हणून वाटण्या चारच. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणून सुमारे दोन टेराबाइटच्या पुढची डिस्क या नोंदीला दिसतच नाही. १९८३ साली डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर आलेली ही मांडणी पुढे तीस वर्षं ओढली गेली.

बायॉसच्या त्या बेफिकिरीला नावं ठेवण्याआधी तिने काय दिलं तेही बघू. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतली, तेव्हा त्याला आयबीएमचा परवाना लागला नाही, इंटेलची सही लागली नाही, मायक्रोसॉफ्टला तर विचारायचा प्रश्नच नव्हता. फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपले ५१२ बाइट लिहिले की पीसी त्याचा. सुरुवातीची लिनक्स खरोखर अशीच, फ्लॉपीवरून थेट चालू व्हायची.

आणि पीसी व्हायरसचाही. फ्लॉपीच्या जमान्यात काम केलेल्यांना एक संदेश आठवत असेल: ही सिस्टिम डिस्क नाही, बदला आणि कोणतंही बटण दाबा. संध्याकाळी घाईत फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये राहायची आणि सकाळी पडद्यावर हा निरोप. लोकांना वाटायचं, संगणक बोलतोय. प्रत्यक्षात तो निरोप त्या फ्लॉपीतच लिहिलेला असे! नुसती पत्रं नाहीतर हिशेब ठेवलेल्या फ्लॉपीलाही पहिला सेक्टर असतोच, आणि त्यातही एक चिमुकला प्रोग्राम असतो; हा निरोप छापणं हेच त्याचं काम. म्हणजे ‘बूट होत नाही’ असं सांगणारी फ्लॉपी तेवढ्यापुरती बूट झालेलीच असायची. त्या सेक्टरमध्ये व्हायरस बसला असेल, तर तुम्ही निरोप वाचून फ्लॉपी बाहेर काढेपर्यंत तो मेमरीत किंवा हार्ड डिस्कवर ठाण मांडून बसलेला.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ याच वाटेने पसरला. आपल्याकडे १९९० मध्ये सापडलेला ‘जोशी’ही त्याच जातकुळीचा. दर वर्षी ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला लावायचा. शुभेच्छा दिल्या की काम पुढे चालू. हे जोशी कोण, कुठले, हे मात्र त्या व्हायरसने सांगितलं नाही.

पुढे इंटेलने बायॉसच्या जागी नवी मांडणी केली. आज तिचं नाव यूईएफआय, आणि गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक विंडोज लॅपटॉपमध्ये ती आहे. इथे फर्मवेअरला, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामला, फाइल म्हणजे काय ते कळतं. डिस्कवर फॅट पद्धतीचा एक छोटा भाग असतो, त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचं आपापलं फोल्डर. विंडोज आणि उबुंटू लिनक्स एकमेकांच्या पहिल्या सेक्टरवर न चढता शेजारी नांदतात. २०१२ साली विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं, आणि किल्ली देण्याआधी सही तपासायची पद्धत पडली. सही कोणाची चालते? बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची. त्यामुळे लिनक्सवाल्यांना ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहून त्यावर मायक्रोसॉफ्टची सही आणावी लागते. सुरक्षेच्या बाजूने यात वावगं काही नाही. पण १९९१ च्या त्या विद्यार्थ्याला हे सांगितलं असतं तर तो हसला असता.

ॲपलने हा वाद कधी होऊच दिला नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये सिस्टिमचा मोठा भाग रॉममध्येच होता. तपासणी पार पडली की पडद्यावर हसरा मॅक, फ्लॉपी सापडली नाही तर लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. २०२० च्या एम१ पासून पहिला प्रोग्राम चिपमध्येच कोरलेला असतो, आणि तिथून प्रत्येक टप्पा आपल्या पुढच्या टप्प्यावरची ॲपलची सही तपासतो. तरी एक दार त्यांनी ठेवलंय. पॉवरचं बटण दाबून धरून रिकव्हरीत गेलं, तर यंत्राचा मालक त्या एका सिस्टिमपुरती सुरक्षा सैल करू शकतो. मॅकवर चालणारी ‘असाही’ नावाची लिनक्स त्याच दारातून आत येते. आयफोनला असं दार नाही.

सगळ्यात विचित्र तऱ्हा रास्पबेरी पायची. २०१२ च्या पहिल्या पायमध्ये वीज आल्यावर मुख्य प्रोसेसर झोपलेलाच राहतो. आधी उठते ती चित्रं काढणारी चिप. ती एसडी कार्डवरच्या फाइली वाचते, लिनक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, मेमरीत मांडून ठेवते आणि मग मुख्य प्रोसेसरला उठवते. जवळजवळ सगळं कार्डावर असल्यामुळे कितीही घोळ घातला तरी कार्ड पुन्हा लिहिलं की पाय ठणठणीत. शिकणाऱ्याच्या हातात द्यायला याहून बरं यंत्र मला माहीत नाही.

आता तुमच्या विंडोजकडे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि अपटाइम बघा. रोज रात्री शट डाउन करत असूनही तिथे चार-सहा दिवस दिसत असतील, तर ती चूक नव्हे. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हरांची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ठेवली जाते. सकाळी ती परत उचलली जाते. कर्नल नव्याने सुरू होतच नाही, म्हणून अडकलेला ड्रायव्हर रात्रभर बंद ठेवूनही अडकलेलाच राहतो. त्याच डिस्कवर लिनक्स असेल, तर तीही विंडोजच्या भागात लिहायला कुरकुरते. विंडोज अजून अर्धवट जागी आहे हे तिला दिसत असतं. रीस्टार्टला ही सवलत लागू नाही, तिथे सगळं पहिल्यापासून होतं. शट डाउनलाही तसंच पूर्ण करायचं असेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा.

(पुढच्या आठवड्यात : कर्नल जागा झाल्यावर सुरू होणारा पहिला प्रोसेस)