32 वर्षांतले 10 सेकंद

1 अब्ज सेकंद उलटायला किती काळ लागतो? जवळजवळ 32 वर्षे. त्या 32 वर्षांतले फक्त 10 सेकंद बाजूला काढा. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकला भारतीय मानकाने तेवढीच जागा दिली आहे : 1 लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात 10 भाग.

त्या 10 मायक्रोग्रॅममध्ये अणू किती? सुमारे 8 कोटी अब्ज. 8 वर 16 शून्ये. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या संख्यानामांत सांगायचे तर 8 मध्य. पृथ्वीवरच्या 8 अब्ज माणसांना ते सारखे वाटले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला 1 कोटी अणू येतील. आणि हे सगळे एका लिटरमधले!

शुगरच्या पेशंटला मिळणारी मेटफॉर्मिनची साधी गोळी 500 मिलिग्रॅमची, म्हणजे त्या 10 मायक्रोग्रॅमच्या 50,000 पट. तरीही हा कण क्षुल्लक नाही. मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर मधुमेहाचा धोका वाढतो, हे तैवानमधल्या पाहण्यांत दिसले. छत्तीसगडलाही हे दुखणे परके नाही. राजनांदगावच्या बाजूला, गडचिरोलीला लागून असलेल्या अंबागड चौकी भागात कौडीकसा गाव आहे. तिथल्या भूजलातले आर्सेनिक 1999 मध्ये जगापुढे आले. ते कारखान्यातून आलेले नव्हते. तिथल्या खडकातच होते.

सूक्ष्म धातू तारकही असतात. इन्सुलिनचे 6 रेणू जस्ताच्या 2 अणूंभोवती एकत्र बांधले जातात. इन्सुलिनच्या 1 युनिटमध्ये असे सुमारे 36 लाख अब्ज रेणू असतात. क्रोमियमची गोष्ट तर थक्क करणारी आहे. 1977 मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. तिचे सारे पोषण काही वर्षे शिरेतून चालले होते. तिची साखर वाढली आणि इन्सुलिन देऊनही प्रकृती सावरेना. मग रोज 250 मायक्रोग्रॅम क्रोमियम सुरू केले आणि इन्सुलिनची गरजच उरली नाही. या मात्रेने 1 ग्रॅम क्रोमियम जवळजवळ 11 वर्षे पुरेल! पण तिच्या शरीरात क्रोमियमची खरी उणीव होती. चारीठाव जेवणाऱ्या माणसाला क्रोमियमच्या गोळ्या घ्या, असा सल्ला मधुमेहतज्ज्ञ सरसकट देत नाहीत.

मॅग्नेशियमचा हिशेब मोठा आहे. लिटरला 30 मिलिग्रॅम असलेले पाणी दिवसाला 3 लिटर प्यायले, तर 90 मिलिग्रॅम मिळते. दिवसाच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा. इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचायला मॅग्नेशियम लागते आणि साखर वाढली की तेच लघवीवाटे निघून जाते. आरओ यंत्र आर्सेनिकबरोबर मॅग्नेशियमही मोठ्या प्रमाणात काढते. ती तूट ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या आणि शेंगदाण्यांतून भरून काढता येते.

भारतात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींच्या वर आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला कळकळीने सांगावेसे वाटते : कोणत्याही पाण्याच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन सोडू नका. घरी बोअरचे पाणी पीत असाल, तर ते प्रयोगशाळेत एकदा जरूर तपासून घ्या. नुसते उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटते आणि आर्सेनिक मागे उरते.