कुपीवर कोणाचं नाव आहे?

क्लीनरूममध्ये शिरण्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ, टिकली, सगळं उतरवून ठेवावं लागतं. चेहऱ्यावर पावडरही चालत नाही. बुटांवर कव्हर, केसांवर टोपी, मास्क, मग कोपरापर्यंत निदान ३० सेकंद हात धुणं, गाऊन आणि सगळ्यांत शेवटी निर्जंतुक हातमोजे. न्यू जर्सीतल्या ज्या कंपाउंडिंग फार्मसीत मी काम करते, तिथे नव्या माणसाच्या हाती लगेच औषध देत नाहीत. आधी त्याला जंतूंना भरपूर खाद्य मिळेल असं एक द्रावण कुप्यांमध्ये भरायला लावतात आणि त्या कुप्या १४ दिवस उबेत ठेवतात. एक जरी गढूळली तरी तो नापास. हातमोज्यांची बोटं अगरच्या ताटलीवर टेकवून तीही उबवतात. पहिल्या परवानगीसाठी हे तीनदा करायचं आणि तिन्ही वेळा ताटली कोरी राहायला हवी.

एवढा जाच कशासाठी, असं बाहेरच्याला वाटतं. बाजारातलं तयार औषध ज्याला चालत नाही, म्हणजे एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असते किंवा हवा तो डोस मिळतच नाही, अशा रुग्णासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून फार्मासिस्ट स्वतः औषध बनवतो, ते कंपाउंडिंग. या औषधाला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची, मान्यता नसते. ते किती सुरक्षित आणि किती गुणकारी, हे विक्रीआधी एफडीएने तपासलेलं नसतं. त्यामागे उभी असते ती खोली, ते हात आणि कागदपत्रं.

हुडखालचं काम बघण्यासारखं असतं. गाळलेली हवा एकाच दिशेने संथ वाहत असते. तिथे एका घनमीटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० च्या वर चालत नाहीत. गाळणी आणि सुई यांच्या मध्ये हात आणायचा नाही, कारण त्या हवेने आधी सुईलाच स्पर्श करायचा असतो. कुपीचं रबर अल्कोहोलने पुसलं की ते वाळेपर्यंत थांबायचं. घाई झालेला माणूस इथेच ओळखू येतो. पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, पावडर विरघळवताना कुपी हलवून चालत नाही, फेस येतो; ती हलकेच गोल फिरवायची. मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून द्रावण गाळायचं आणि गाळून झाल्यावर त्या फिल्टरवर दाब देऊन तो कुठे फाटला नाही ना, हे बघायचं.

पावडर मुळात निर्जंतुक नसते, म्हणून मुदतीचा नियम कडक आहे. निर्जंतुकतेची चाचणी न करता असं गाळून बनवलेलं इंजेक्शन फ्रिजमध्ये ४ दिवस चालतं, चाचणीत उतरलं तर ४५ दिवस. पण चाचणीलाच १४ दिवस लागतात. रुग्ण काउंटरवर वैतागतात ते इथे.

नियम इतके कडक का, याचं उत्तर २०१२ सालात आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने बनवलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी होती. पाठदुखीसाठी ती मणक्यात टोचली गेली. ७५० हून अधिक माणसं आजारी पडली, साठाहून अधिक दगावली. औषध ठोक भावाने देशभर जात होतं आणि चिठ्ठ्यांवर बनावट नावं लिहिलेली होती, हे खटल्यात उघड झालं. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. आमच्यासारख्या फार्मसीला कलम ५०३ए लागू आहे: एका नावाची चिठ्ठी, त्या एका माणसाचं औषध. ठोक बनवायचं असेल तर कलम ५०३बीखाली एफडीएकडे नोंदणी करून कारखान्याच्या दर्जाचे नियम पाळायचे.

पेप्टाइडांच्या बाबतीत आणखी एक रेघ आहे. ४० पेक्षा जास्त अमिनो आम्लांची साखळी असेल तर २०२० पासून ते प्रोटीन धरलं जातं, जैविक औषधांत जातं आणि ५०३एखाली आम्हाला बनवता येत नाही. वजन उतरवण्यासाठी घेतलं जाणारं टिर्झेपाटाइड ३९ वर थांबतं, म्हणून अलीकडे राहिलं. त्याच कामाचं सेमाग्लुटाइड ३१ चं. ही दोन्ही मान्यताप्राप्त औषधांमधली द्रव्यं आहेत, म्हणून वापरता येतात; पण मान्यताप्राप्त औषधाची जवळजवळ नक्कल करायला कायद्यात मनाई आहे. तुटवडा होता तोवर सूट होती. सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचं एफडीएने २१ फेब्रुवारी २०२५ ला जाहीर केलं आणि आमच्यासारख्या फार्मसींना २२ एप्रिलपर्यंत मुदत दिली. ते दिवस वाईट होते. वेगोवी या सेमाग्लुटाइडच्या मान्यताप्राप्त औषधाची छापील किंमत महिन्याला १,३०० डॉलरच्या वर होती. ज्यांना ती झेपत नव्हती, त्यांना ‘आता नाही’ सांगताना माझा जीव तुटत होता. औषध महाग असणं हा खरा अन्याय आहे. तरीही आडमार्गाने आलेली कुपी हा त्यावरचा उपाय नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याच काळात एडिसन गावच्या एका मराठी काकूंचा फोन आला. सेमाग्लुटाइडची कुपी त्यांना ऑनलाइन कुठून तरी आली होती. “अगं, पाचावर भरा म्हणालेत, पण सिरिंजवर पाचाची रेघच नाही. पन्नासवर भरू का?” त्यांच्या हातात १०० युनिटची सिरिंज होती, तिच्यावर रेघा दोन-दोन युनिटच्या. द्रावण मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचं. ५ युनिट म्हणजे ०.२५ मिलिग्रॅम, सुरुवातीचा डोस. ५० युनिट म्हणजे २.५ मिलिग्रॅम. चार महिने पायरीपायरीने चढून जो २.४ चा डोस गाठायचा, त्याच्याही वर, तोही पहिल्याच दिवशी. मी त्यांना थांबवलं आणि बारीक रेघांची, ३० युनिटची सिरिंज आणायला सांगितली. अशाच गोंधळातून काही जणांनी पाच ते वीसपट डोस घेतल्याचा इशारा एफडीएने २०२४ मध्ये दिला होता.

आता पुण्या-मुंबईहून भाचे-पुतणे विचारतात, “जिममध्ये बीपीसी-१५७ मिळतंय, घेऊ का?” या पेप्टाइडला माणसांसाठी एफडीएची मान्यता नाही आणि २०२३ मध्ये एफडीएने त्याला सुरक्षिततेची गंभीर शंका असलेल्या द्रव्यांत टाकलं. इंटरनेटवर ते ‘फक्त संशोधनासाठी’ अशा लेबलखाली विकलं जातं. असली कुपी कोणत्या खोलीत, कोणत्या हातांनी भरली, हे कोणालाच सांगता येत नाही.

कंपाउंडेड इंजेक्शन हाती आलं तर लेबल वाचा. तुमचं नाव, मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, वापराची शेवटची तारीख आणि बनवणाऱ्या फार्मसीचं नाव, हे सगळं त्यावर हवं. फार्मसीला फोन करून परवाना विचारा, निर्जंतुकतेची चाचणी झाली का ते विचारा. डोस मिलिग्रॅममध्ये आणि सिरिंजवरच्या रेघेत, दोन्ही प्रकारे लिहून घ्या. आणि कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असेल, तर कोणीही आग्रह केला तरी ती टोचून घेऊ नका.